हुकमी डाव

आमची थोरली मुलगी कबड्डी खेळते. रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत भातकापणी उरकली की एक रिकामा कुणगा सपाट करतात व त्यात महिलांसाठीचे १२ बाय ८ मीटरचे मैदान आखतात. मुलींना शिकवण्याचे काम आमच्याकडे आहे. तरुणपणी आम्ही थोडेफार खेळलो, तेवढीच आमची पात्रता.

मुलीचा एक हुकमी डाव होता. मध्यरेषा ओलांडली की थेट डाव्या कोपऱ्याकडे जायचे, अंग मागे ठेवून पाय लांबवायचा आणि कोपऱ्यातला गडी टिपून परतायचे. या डावावर आम्ही दोन सामने जिंकलो. तिसरा सामना अंतिम होता. पहिल्या चार चढायांत तिने तीन गडी टिपले. आम्ही कडेला उभे राहून ओरडत होतो, "डावीकडेच जा!" मग समोरच्या मुली सावध झाल्या. कोपऱ्यातली मागे सरकली, तिच्या शेजारणीने परतीची वाट अडवली. पाय पुढे आला की घोटा धरायचा, एवढेच त्यांना उरले होते. आमची मुलगी पाच वेळा पकडली गेली. आम्ही हरलो. घरी येताना तिला बोलू नये ते बोललो. त्या रात्री ती जेवली नाही, आणि मैदानावर येणे तिने बंद केले.

मे महिन्यात मुंबईहून पुतण्या आला. लॅपटॉपवर तो अमेरिकन फुटबॉलचा संघ चालवण्याचा खेळ खेळत असे. त्यात आपण फक्त डाव निवडायचा. खेळाडू तो खेळतात. त्या फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. त्यासाठी चेंडू घेऊन धावायचे, नाहीतर तो पुढे फेकायचा. पुतण्या सारखा फेकण्याचाच डाव लावी व हरे. आम्ही कारण विचारले.

"काका, एकच डाव लावत राहिलो की समोरचा संघ तो ओळखतो. मधूनमधून धावण्याचा डाव लावला, तर बचाव करणारे पुढे येतात आणि मागे जागा मोकळी होते."

"म्हणजे चूक फेकणाऱ्याची नाही?"

"त्याची कशी? डाव तर मी निवडला!"

मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. आम्ही मान खाली घातली.

रात्री सामन्याच्या नोंदींची वही काढली. तिच्या १९ चढायांपैकी १५ डावीकडच्या. समोर सहा किंवा अधिक गडी असताना बोनस रेषा ओलांडली की कोणाला न शिवताही गुण मिळतो; तिकडे ती एकदाच गेली होती. संघातल्या डावखुऱ्या मुलीला आम्ही अवघ्या दोन चढाया दिल्या होत्या. उजवीकडे अधूनमधून कोणी गेले असते, तर रिकामे परतूनही फायदा झाला असता. उजवीकडच्या मुली जागच्या हलल्या नसत्या व डावीकडे पकडीला धावल्या नसत्या.

आम्ही मुलीला म्हणालो, "बाय, तुला आम्ही हरवले."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, मला उजवीकडे जायचे होते. तुम्ही ओरडत होतात."

पालकहो, हुकमी डाव वाईट असतो म्हणून निकामी होत नाही. त्याला सोबतीला दुसरे डाव दिले नाहीत, की तो झिजतो. आणि झिजतो तेव्हा बोल मात्र खेळणाऱ्या लेकराला लागतो.

या हंगामात ती पुन्हा मैदानात उतरली. आम्ही आता कडेला बसून फक्त वही लिहितो. कुठे जायचे ते तिचे ती ठरवते. पहिल्याच सामन्यात ती उजवीकडून दोनदा रिकामी परतली. ओरडावेसे वाटले, पण तोंड मिटून राहिलो. पुढच्या खेपेस ती डावीकडे वळली आणि तिकडचा गडी अलगद टिपून आली. तो सामनाही आम्ही दोन गुणांनी हरलो. पण घरी येताना ती सबंध वाट बोलत होती.