मिरजेच्या गल्ल्यांतून खाँसाहेबांच्या मागावर

आपल्या बेळगाव भागातले लोक आजवर मिरजेला गेले ते मुख्यतः दोन कारणांनी. एक दवाखाना आणि दुसरे तंबोरा. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी तिथे मिशन हॉस्पिटल उभे केले आणि त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांत 'मिरजेला नेलंय' एवढे शब्द ऐकले की शेजारीपाजारी आवाज खाली आणून बोलू लागत. तंबोऱ्याचे कारण मात्र आनंदाचे. घरातली मुलगी गाणे मनावर घेते आहे असे दिसले की बाप पैसे साठवून मिरजेची गाडी धरायचा. गेल्या हिवाळ्यात आम्ही वीस-बावीस जण गेलो ते तिसऱ्याच कारणाने. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या आयुष्याच्या खुणा शोधत मिरज पायी फिरायची, असा बेत होता. बरोबर माझे विद्यार्थी होते, दोन-तीन पालक होते आणि गाणे ऐकण्यात हयात घालवलेले दोन निवृत्त बँकवाले होते.

बेळगावहून मिरजेचा रेल्वेमार्ग मुळातच गाण्याचा आहे. गाडी सुटून थोडा वेळ जातो न जातो तोच सुळेभावी येते. ८ एप्रिल १९२४ रोजी कुमार गंधर्वांचा जन्म इथला. रोज या मार्गाने ये-जा करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कुणास ठाऊक! पुढे घटप्रभा, रायबाग, कुडची मागे पडतात, कृष्णेचे पात्र लागते आणि उसाच्या फडांतून गाडी मिरज जंक्शनात शिरते.

आमचे वाटाडे एक सेवानिवृत्त शिक्षक होते. मिरजेतच जन्मलेले, मिरजेतच वाढलेले. हौशी मंडळी आली की ते त्यांना गाव दाखवतात. मोबदला घेत नाहीत, चहा मात्र दोनदा लागतो. त्यांच्या अटी दोनच. रिक्षात बसायचे नाही आणि चालताना मोबाइलवर गाणी लावायची नाहीत. "गाणं ऐकायचं तर बसून ऐका, चालताना गाव बघा," असे त्यांनी स्टेशनातच बजावले.

फेरीची सुरुवात त्यांनी फलाटावरच केली आणि तीही मरणापासून. खाँसाहेबांचे अर्धे आयुष्य रेल्वेत गेले. आज म्हैसूर, उद्या मद्रास, परवा पुणे. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांना गाडीत अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घालून त्यांनी नमाज पढला, दरबारीत ईश्वराचे नाव आळवले आणि तिथेच प्राण सोडला, असे सांगतात. वय पासष्टीला टेकलेले. त्यांचे पार्थिव पुढे मिरजेला आणले गेले. कुठे उत्तरेतले कैराना, जिथे ११ नोव्हेंबर १८७२ रोजी ते जन्मले, आणि कुठे ही कृष्णाकाठची मिरज! पण माती मिरजेचीच लागायची होती.

स्टेशनाकडून गावात शिरताना मास्तर सतत आडवाटेला लागत. खाँसाहेबांच्या फेरीत विष्णु दिगंबर पलुस्करांचे काय काम, असे कुणी विचारले तर ते थांबून समजावत. पलुस्करही १८७२ चेच, जन्म कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याने डोळे दुखावले म्हणून त्यांना मिरजेला उपचारासाठी आणले. डोळे पूर्ण बरे झाले नाहीत, पण इथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखा गुरू मिळाला. ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात रुजवणारे ते हेच बुवा. शिष्याने पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, देशभर कीर्ती मिळवली आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी देह ठेवला तो पुन्हा मिरजेतच. एकाच साली जन्मलेले दोन गायक, एक ग्वाल्हेरच्या परंपरेतला, दुसरा किराण्याचा, आणि दोघांचा शेवटचा मुक्काम एकच गाव. याच गावात १९०५ साली नारायण राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीतून शकुंतला होऊन पहिल्यांदा रंगभूमीवर उभे राहिले. एवढ्या लहान गावात इतके घडते तेव्हा त्यामागे पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय असतो, रेल्वेचा फाटा असतो आणि रात्र रात्र जागणारा श्रोताही असतो. नुसत्या मातीच्या गुणाने काही होत नाही.

लक्ष्मी मार्केटच्या गर्दीत पहिला चहा झाला आणि तिथेच एका विद्यार्थिनीने प्रश्न काढला. ती स्वतः किराण्याचे गाणे शिकते. "सर, हिराबाई बडोदेकर खाँसाहेबांच्या कन्या ना? मग बडोदेकर कशा?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. "ते घरचं आहे त्यांचं. आपण पुढं चलू या."

मला हे पटले नाही. हा प्रश्न टाळून खाँसाहेबांची मिरज सांगताच येणार नाही. ऐन तारुण्यात खाँसाहेब बडोदा दरबारी होते. तिथे राजघराण्याशी नाते असलेल्या सरदार माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत होती. दोघांनी लग्नाचा निश्चय केला, बडोदे सोडले आणि मुंबईमार्गे ही जोडी मिरजेला आली. इथेच १९०५ साली चंपाकलीचा जन्म झाला. अब्दुल रहमान, चंपाकली, गुलाब, सकीना, कृष्णा ही त्यांची मुले. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी पित्याचे नाव लावले नाही. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर, सकीनाच्या सरस्वतीबाई राणे. मुले मोठी झाली ती आईच्या घरी, पण गळ्यातले गाणे किराण्याचेच राहिले. सुरेशबाबू आणि हिराबाईंना किराण्याच्याच अब्दुल वहीद खाँ यांची तालीम मिळाली. प्रभाताई अत्रे शिकल्या त्या याच दोघा भावंडांकडे. म्हणजे किराण्याची एक शाखा खाँसाहेबांच्या शिष्यांतून वाढली आणि दुसरी त्यांच्या मोडलेल्या संसारातून. दुसरीचे श्रेय ताराबाईंना जाते. आमच्या फेरीत मात्र त्यांच्या नावाचा थांबा नव्हता.

हे मी मास्तरांना चालता चालता बोलून दाखवले. ते रागावले नाहीत. थोडे अंतर गप्प चालले आणि म्हणाले, "हिंदू-मुसलमान एका जागी गाणं ऐकतात हे सांगितलं की पाहुणे खूश होतात. संसार मोडला हे सांगितलं की विचारतात, चूक कुणाची? मग गाण्याचं राहूनच जातं." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तरी सलोख्याची गोष्टही इतकी सोपी नाही. २००९ च्या गणेशोत्सवात याच शहरात दंगल पेटली होती आणि मिरज कित्येक दिवस संचारबंदीत होती. ते दिवसही मास्तरांनी पाहिलेले आहेत. त्यांनी फक्त हाताने एक रस्ता दाखवला आणि "इथून पुढं जाता येत नव्हतं," एवढेच म्हटले.

मीरासाहेबांचा दर्गा ऐन गावात आहे. बाहेर फुलांची, चादरींची, मिठाईची दुकाने आणि आत एकदम मोकळे अंगण. उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाचा मान असतो. प्लेगच्या दिवसांत खाँसाहेब आजारी पडले, कुणीतरी त्यांना दर्ग्यात सेवा करायला सांगितले, ते गायले आणि बरे झाले, अशी कथा आहे. कथेचे काय मानायचे ते ज्याचे त्याने ठरवावे, पण त्यानंतर दर्ग्याशी त्यांचे नाते जडले ते कायमचे. उरुसाला ते इथे येऊन गात. चिंचेच्या झाडाखाली त्यांची बैठक असे, असे सांगतात. त्यांच्या पश्चात त्यांच्या स्मरणार्थ इथे उरुसात संगीत सभा होऊ लागली. गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी यांच्यापासून नवशिक्यांपर्यंत अनेकांनी इथे हजेरी लावली. बिदागीचा विचार न करता, सेवा म्हणून. हजेरी हा शब्द इथे नेमका आहे, कारण इथे कार्यक्रम 'होत' नाही, कलावंत हजर होतो.

खाँसाहेबांची कबर याच आवारात आहे. आमच्यातल्या एका बँकवाल्या काकांनी चपला काढून डोके टेकले. मुलांना काय करावे कळेना, म्हणून तीही तशीच वाकली. आपल्या कानडी-मराठी सीमेवरच्या माणसाला या कबरीपाशी एक गोष्ट आठवावी. खाँसाहेबांनी रामभाऊ कुंदगोळकरांना शिकवले, ते सवाई गंधर्व झाले. सवाई गंधर्वांनी हुबळीच्या गंगूबाईंना आणि गदगच्या भीमसेनना शिकवले. भीमसेन तर खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकून अकरा-बाराव्या वर्षी घर सोडून निघाले होते. खुद्द खाँसाहेब म्हैसूर दरबारी गायले, कर्नाटक संगीत त्यांनी कान देऊन ऐकले, तिकडची सरगम उचलली. भाषेवरून आपण किती भांडलो, पण गाण्याने कधी हद्द विचारली नाही.

दर्ग्यापासून चालत आम्ही सतारमेकरांच्या गल्लीत आलो. खरे तर फेरी इथे सुरू व्हायला हवी, कारण बाकी सगळे ऐकायचे असते, इथे बघायला मिळते. दारादारांत वाळत घातलेले भोपळे, लाकडाचा भुसा, लाखेचा वास. मूळची ही शिकलगारांची घरे, तलवारी-भाल्यांना धार लावणारी. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी सरली. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी वाद्यांचे काम हाती घेतले आणि त्यातून हा धंदा वाढला. भोपळा पंढरपूर-सोलापूर भागातून येतो, दांडीला तूणाचे लाकूड लागते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते कागद एका दुकानात मोठ्या अभिमानाने दाखवले गेले.

खाँसाहेबांना इथले लोक मानतात ते केवळ गायक म्हणून नव्हे. ते वाद्याचे जाणकार होते, हत्यारे जवळ बाळगून स्वतः वाद्ये दुरुस्त करीत. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडला आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्यासह प्रयोग केले. त्या खटाटोपात खाँसाहेबांचा गळा आणि कान हीच प्रयोगशाळा होती. हा सूर इथे नाही, केसभर वर आहे, असे ते सांगत आणि ते मोजून पाहिले जाई.

ज्या कारखान्यात आम्ही टेकलो तिथले कारागीर पन्नाशीतले होते. त्यांचा मुलगा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. ते त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा विषय निघाला तेव्हा हसून म्हणाले, "ती डबी दमत नाही, हेच तिचं वाईट." मग त्यांनी जवारी काढून दाखवली. घोडीवर कानस हलकेच फिरवायची, पुसायची, तार छेडायची, सुताचा दोरा तारेखाली कणभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. पहिल्या वीस मिनिटांत आम्हाला काहीच फरक कळला नाही. नंतर अचानक तार उघडली. खर्जाच्या एकाच तारेतून गंधार बोलू लागला आणि मघापासून फोनशी चाळा करणारी पोरे मान वर करून बघू लागली. खाँसाहेबांचे गाणे असे एका एका सुरात बुडी मारणारे का होते, हे मला कुठल्याही ग्रंथापेक्षा त्या अर्ध्या तासात अधिक समजले. ज्याच्या मागे असा तंबोरा वाजतो त्याला पुढच्या सुराकडे जायची घाई का असावी?

प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थिनीचे वडील आमच्याबरोबर होतेच. त्यांनी तिथल्या तिथे बायकी तंबोऱ्याची मागणी नोंदवली. कारागिराने तिला समोर बसवून षड्ज लावायला सांगितला, डोळे मिटून ऐकला आणि वहीत 'काळी चार' असे लिहिले. आगाऊ रक्कम मोजून घेतली. भोपळा दाखवून म्हणाले, "हा तुमचा. होळीनंतर या." वडील म्हणाले, मी एकटाच येऊन घेऊन जाईन, हिची परीक्षा असते.

"तसं नाही चालायचं, साहेब," कारागीर वही मिटत म्हणाले. "गाणारीला घेऊन या. तिच्यासमोरच जवारी लावीन."