आंदण आलेली होडी

समुद्र आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. तरी मी दर्याचा माणूस नव्हे. आमचं सगळं लक्ष जमिनीकडे. भाताचे चार कुणगे, सड्यावर हापूसची कलमं आणि गोठ्यात दोन बैल, एवढंच आमचं जग. मासे घ्यायला बंदरावर जायचं, तेवढीच समुद्राशी ओळख.

बायको मात्र वाघोटणच्या खाडीकाठची. सासरे तरुणपणी गलबतावर खलाशी होते, नंतर खाडीवर तर चालवायचे. त्यांना मुलगा नव्हता. ही लहानपणापासून त्यांच्याबरोबर होडीत. शाळेत जायची ती वल्हं मारत. लग्नात हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

1985 सालच्या डिसेंबरात सासऱ्यांनी बोलावणं धाडलं. हात थरथरायला लागलेत, तर बंद केली, होडी तुम्ही न्या म्हणाले. उलांडीची, शिडाची लहानशी होडी. मी ट्रकचं भाडं ठरवायला निघालो, तर ते हसले.

"टरकान न्हेलास तर उलांडी मोडात. दर्यातसून न्हेवा. चेडवाक सगळा येता. तुमी फकत मदी बसा."

विजयदुर्गापासून देवगडपर्यंत समुद्रातून वीसेक किलोमीटर. मला रात्रभर झोप नाही. पण बायकोसमोर भीती कशी सांगणार?

पहाटे ओहोटीबरोबर निघालो. बायकोनं आधी नारळ पाण्यात सोडला, मग पदर खोचला आणि सुकाणू धरून मागे बसली. रात्री जमीन गार होते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून येतो, तो खारा वारा. दहावीच्या भूगोलात हे मी लिहून आलो होतो. पण मतलई म्हणजे काय हे मांजरपाटाचं शीड फुगलं तेव्हाच कळलं.

उजाडताना विजयदुर्गाचे बुरूज डोक्यावर आले. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली बांधलेली भिंत आहे, असं सासऱ्यांनी बजावून सांगितलं होतं. हिनं होडी लांबून घेतली. मग दक्षिणेला वळलो आणि जो किनारा लागला, तो मी कधी पाहिलाच नव्हता. आमचा सडा मी वरून पायाखाली घातलेला. खालून बघतो तर वर तांबडा जांभा, खाली काळा कातळ, आणि सरळ पाण्यात उतरलेला कडा. मैलच्या मैल होडी लावायला जागा नाही. ना घर, ना माणूस. कड्यावर पांढऱ्या पोटाचा एक मोठा गरुड बसलेला, तेवढाच सोबती.

नऊ-दहाला वारा पडला. शीड ओल्या धोतरासारखं लोंबलं. आम्ही भाकरी आणि सुक्या बांगड्याची चटणी खाल्ली. ती म्हणाली, "आता खारो येतलो. तेच्याआदी भायर सराक व्हया." मग दोघांनी वल्ही मारून होडी कड्यापासून लांब नेली. मी वल्हं पाण्यात कुदळीसारखं मारत होतो. ती हसत होती.

दुपारी वारा आला तो एकदम. होडी पळायला लागली आणि तेवढ्यात कड् असा आवाज झाला. उलांडीची मागची काठी जिथं होडीला बांधलेली होती, तो काथ्याचा बांध सुटत होता. उलांडी गेली तर होडी पालथी. बायकोनं झटकन शीड उतरवलं आणि ओरडली, "नांगर टाका!"

मला नांगर म्हटलं की शेतातला आठवतो. मी वेड्यासारखा बघतच राहिलो. मग तिनंच स्वतः टाकला, तर दोरी तळाला पुरली नाही. वारा आम्हाला कड्याकडे ढकलत होता. लाट कड्यावर फुटल्याचा आवाज ऐकू यायला लागला.

माझ्या पिशवीत बैलांसाठी घेतलेली नवी दावी होती. मी ती काढली, पोटावर पडून अर्धा बाहेर वाकलो आणि जू आवळताना मारतो तशी गाठ मारली. एक, दोन, तीन वेढे. तोंडात खारं पाणी जात होतं. ती एकटी वल्ह्यानं होडीचं तोंड लाटेवर धरून होती. ते तोंड जरा फिरलं असतं, तर आज हे लिहायला मी नसतो.

"बसली काय गाठ?" तिनं विचारलं.

"बसली."

तिनं शीड चढवलं. पुढं देवगडचा किल्ला आणि दीपस्तंभ दिसेपर्यंत दोघं एक शब्द बोललो नाही. बंदरात शिरल्यावर माझे पाय लटपटत होते. ती शीड गुंडाळत होती, जशी रोज कपडे वाळत घालते तशी.

घरी मी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. पण सांगताना माझी गाठ मोठी होत गेली आणि तिचं वल्हं लहान. आईनं बजावलं, घरच्या सुनेनं पुन्हा दर्यात जायचं नाही. मी गप्प राहिलो. होडी खाडीत माडाला बांधून पडली. तिसऱ्या वर्षी कलमांवर फवारणीला पंप हवा होता, म्हणून मी ती विकून टाकली. तिला विचारलं नाही. गिऱ्हाईक म्हणालं, एक वल्हं कमी आहे. मी वीस रुपये सोडले.

ते वल्हं पुढच्या भात उकडण्याच्या दिवशी दिसलं. तांब्याच्या मोठ्या भाण्यात ती त्यानं भात ढवळत होती. मी बघितलं, तिनं बघितलं. कुणी काही बोललं नाही.

आता दोघंही साठी ओलांडलेली. वल्ह्याची मूठ झिजून गुळगुळीत झालीय. भात उकडताना ती चुलीशी उभी असते, धुराच्या वर मान करून, दोन्ही हातांनी वल्हं धरून. गेल्या वर्षी मी विचारलं, "त्या दिवशी तुला भीती वाटली होती?"

ढवळणं न थांबवता ती म्हणाली, "चाळीस वरसांनी इचारतास?"