नव्या वायूचे बिऱ्हाड

नागपुरात मोटारीतली गार हवा ही चैन की गरज, हा वाद होळीपर्यंत रंगतो. वैशाख लागला की तो आपोआप मिटतो. घरात खसाच्या ताट्यांचा कूलर दिवसभर घरघरत असतो. पण घराबाहेर पडणाऱ्याने काय करावे? खिशात कांदा ठेवावा, उपरण्याने कान बांधावेत आणि भरपूर पाणी प्यावे, असे आमच्याकडचे जुने शास्त्र सांगते. माझ्या आईला या शास्त्राचे शेवटचे कलम लागू नव्हते. तिची मूत्रपिंडे थकलेली. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, दर वेळी चार तास. आणि एरवी पाणी मोजून. घशाला कोरड पडली तरी पेल्यावरच्या खुणेपर्यंतच प्यायचे. अशी ७८ वर्षांची बाई, रक्तदाब उतरलेला, हातावर पट्टी, भर दुपारी रुग्णालयातून निघते आणि वर्धा रोडच्या सिग्नलवर तापलेल्या पत्र्याच्या डब्यात अडकते. २०२४ च्या मार्चअखेर तिची मान अशीच एकदा खांद्यावर कलली. त्याच दिवशी मी ठरवले, की गाडीचा ए.सी. चालू झालाच पाहिजे.

गाडी १९९२ सालची, वडिलांनी घेतलेली. तिचे नाव सांगत नाही. ते ऐकून लोक हळहळतात आणि तिच्या कानावर ते पडू नये असे मला वाटते. "विकून टाका, नवी घ्या," असे सांगणारे एक मेहुणे प्रत्येक घरी असतात, तसे आमच्याकडेही आहेत. पण आमची शिल्लक औषधांच्या दुकानात जात होती. शिवाय त्या गाडीची पुढची बैठक आईला नेमकी बेताची. चढायला उंच नाही, उठताना गुडघ्याला जड नाही. रिक्षाचे धक्के तर तिच्या सुया टोचलेल्या हाताला सोसतच नसत.

ए.सी. मात्र कित्येक वर्षे मुका होता. का, ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल. त्या काळच्या मोटारींत आर-१२ नावाचा वायू असे. त्याचा शोध लावणाऱ्या अमेरिकेच्या टॉमस मिजलीने १९३० साली भर सभेत तो छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेटत नाही! तोवर शीतकपाटांत अमोनियासारखे जीवघेणे वायू असत, त्यामुळे लोकांना हा देवदूतच वाटला. (याच गृहस्थांनी पेट्रोलमध्ये शिसेही घातले. काही माणसांचा हातगुणच तसा.) पुढे १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिले, की हा निरुपद्रवी पाहुणा वर आकाशात जाऊन ओझोनचे छत कुरतडतो. १९८७ साली माँट्रियलला करार झाला, १९९२ साली आपला देश त्यात सामील झाला आणि २०१० पासून आपल्याकडे या वायूचा धंदा मिटला. म्हणजे ज्या वर्षी देशाने सही केली, त्याच वर्षी आमच्या वडिलांनी तो वायू भरलेली गाडी दारात आणून उभी केली! जुना साठा संपला तसे आमच्या ए.सी.चे बटण शोभेचे झाले.

आता अशा गाडीत आर-१३४ए हा दुसरा वायू भरतात. एका कारखान्यात ते काम मी करून घेतले. दोन दिवसांत गाडी आली, नळ्यांना नवी तोंडे बसवलेली. रिकाम्या रस्त्यावर धावताना अगदी महाबळेश्वर! सिग्नलला उभी राहिली की मात्र दोन मिनिटांत झोतातून कोमट वारा, आणि तिसऱ्या मिनिटाला निव्वळ नागपूर. आईचा तर निम्मा प्रवास सिग्नलवरच होई.

कारखान्याने निदान केले: "गॅस कमी आहे." भरला. दुसऱ्याने झाकण उघडले, कान लावल्यासारखे केले आणि म्हणाला, "गॅस कमी आहे." त्यानेही भरला. दर खेपेला गाडी थोडी अधिकच तापू लागली. घरी आलेल्या पाहुण्याला "आणखी थोडे घ्या" म्हणावे तसा हा प्रकार होता. दुसऱ्या ठिकाणी तर मोजमापाची नळी काढताना वायू फुस्सकन हवेत सोडला, तो मला खटकला. हा नवा वायू ओझोनला धक्का लावत नाही, हे खरे; पण पृथ्वी तापवण्यात तो कोळशाच्या धुरातल्या वायूपेक्षा वजनाला वजन हजारपटीहून अधिक जबर आहे. गारव्यासाठी ज्याला आणले, त्यानेच बाहेरचा उन्हाळा वाढवावा, आणि तेही निष्काळजीपणाने?

शेवटी सदरच्या मागच्या एका गल्लीत एक वयस्क मिस्त्री भेटले. त्यांनी गॅसचे नावच काढले नाही. त्यांनी दोन घड्याळांचे गेज लावले, गाडी जागेवर चालू ठेवली आणि बादलीभर पाणी मागितले. जाळीपुढच्या कंडेन्सरवर ते पाणी हळूहळू ओतले. लाल घड्याळाचा काटा साडेतीनशेवर चढला होता, तो पाण्याबरोबर भराभर खाली आला आणि आतला झोत गार झाला! पाणी संपले, काटा पुन्हा वर.

"भाऊ, गॅस कमी नाही जी, जास्त आहे," ते म्हणाले. "हिले गॅस नाही, हवा पायजे."

मग त्यांनी मला जे समजावले, ते कुणाही भाडेकरू ठेवणाऱ्याला कळेल असे होते. घर जुन्या माणसाच्या मापाने बांधलेले. नवा माणूस त्याच खोल्यांत राहील, पण त्याच्या सवयी निराळ्या. त्याच उष्णतेला त्याचा दाब जुन्यापेक्षा चढा असतो. म्हणून तो जुन्याच्या ८०-९० टक्केच भरायचा आणि कंडेन्सरवर वारा भरपूर हवा. धावत्या गाडीला वारा फुकट मिळतो, उभ्या गाडीला पंख्याशिवाय कोण देणार? आमच्या पंख्याचे कार्बन झिजून तो पेंगत फिरत होता. त्यातून कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या कडेच्या फोमच्या पट्ट्या केव्हाच गळून गेल्या होत्या, त्यामुळे इंजिनाचा गरम वारा त्या फटींतून वळून पुन्हा पुढे येत होता.

बॉनेटखालच्या पट्टीवर ८०० ग्रॅम लिहिलेले. मिस्त्रींनी यंत्राने वायू काढून टाकीत जमा केला, हवेत सोडला नाही. तो भरला साडेनऊशे. मग कॉम्प्रेसर उतरवला आणि त्यातून पिवळट जुने तेल काढून काचेच्या पेल्यात माझ्यापुढे धरले. जुने खनिज तेल नव्या वायूत मिसळत नाही. ते वाटेत कुठेतरी तळाशी बसते आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. आणखी एक उन्हाळा असा गेला असता, तर तो जाम झाला असता. आधीच्या कारखान्याने तेलाला हातच लावला नव्हता. गॅसचे पैसे दिसतात, तेलाचे दिसत नाहीत.

चार दिवस गाडी तिथे होती. आईला भाड्याच्या मोटारीने नेले-आणले. घरचे अंदाजपत्रक त्या आठवड्यात कोलमडले. नळ्या धुतल्या, नायट्रोजन मारून सुकवल्या, हिरव्या ओ-रिंगा घातल्या, ड्रायर बदलला, नव्या वायूशी जमणारे एस्टर तेल घातले. तासभर व्हॅक्यूम लावून आतला ओलावा ओढून घेतला. पंखा नवा, फोमच्या पट्ट्या नव्या. मग काट्यावर तोलून ६८० ग्रॅम. सोनाराने तोलावे तसे! बाहेर ४३ अंश, गाडी जागेवर उभी, लाल काटा अडीचशेच्या जरा वर स्थिर आणि झोतात धरलेला तापमापक १२ वर. मी तो पुनःपुन्हा वाचला.

गुरुवारी परतताना त्याच सिग्नलवर गाडी उभी राहिली. आई डोळे मिटून बसली होती. मी न राहवून विचारले, "कसं वाटतंय?"

"पदर दे जरा नीट," ती म्हणाली, "मानेला वारा लागतोय." आणि पुन्हा डोळे मिटले. मान मात्र ताठ होती.

मिस्त्रींनी जाताना बॉनेटच्या आत एक चिठ्ठी चिकटवली होती. तीवर वायूचे नाव, तेलाचे नाव, ग्रॅम आणि तारीख. अक्षर वळणदार नाही, पण लांबून वाचता येते. पुढचा कुणी "गॅस कमी आहे" म्हणाला, की बॉनेट उघडून मी फक्त त्या चिठ्ठीकडे बोट दाखवतो.