क्यूबाचे क्लॅरिनेट

परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाजवळ संगीताची एक ठरलेली शिदोरी असते. काही नाट्यपदे, दोनचार भावगीते आणि गणेशोत्सवातील आरत्या. भिलाईत बावीस वर्षे काढूनही माझी शिदोरी याहून निराळी नव्हती. अशा माणसाने साठीच्या उंबरठ्यावर एका क्यूबन वादकाच्या नादी लागावे, हे आमच्या सौभाग्यवतींना अजूनही विपरीतच वाटते.

या वादकाचे नाव पाकितो दिरिवेरा. जन्म १९४८ सालचा, हवाना शहरातला. वडील सॅक्सोफोनवादक. त्यांनी बेनी गुडमनच्या १९३८ सालच्या कार्नेगी हॉलमधील जलशाची ध्वनिमुद्रिका मुलाला ऐकविली, तेव्हा ‘कार्नेगी हॉल’ हे शब्द त्याला ‘कार्ने ई फ्रिहोल’, म्हणजे मांस आणि घेवडा, असे ऐकू आले म्हणे! पुढे १९८१ साली स्पेनच्या दौऱ्यावर असताना त्याने मायदेशी न परतण्याचा निर्णय घेतला. ‘पोर्ट्रेट्स ऑफ क्यूबा’ हा त्याचा संग्रह १९९६ सालचा. वाद्यवृंदाची रचना कार्लोस फ्रांझेटी या अर्जेंटिनाच्या संगीतकाराची. माझ्या मुलीने तो मला ऐकविला.

त्यातील पितळी वाद्यांचा गजर मला थोडा जडच जातो. परंतु संथ लयीत क्लॅरिनेट एकटे बोलू लागले की हातातले वर्तमानपत्र गळून पडते. या वाद्याची एक मौज आहे. सनई जोराने फुंकली तर सूर वरच्या सप्तकात जातो. क्लॅरिनेटची नळी सरळ आणि वरच्या टोकाला बंद असल्यासारखी. म्हणून त्याचा सूर षड्जावरून उडी घेतो तो थेट वरच्या सप्तकातील पंचमावर. त्यामुळे खालचा आवाज काळसर, लाकडी, आणि वरचा लखलखीत. जणू एकाच घरातील आजोबा आणि नात.

आणि ताल? दोन लाकडी दांड्यांवर पाच आघात, तीन आणि दोन. आपल्या टिपऱ्यांची आठवण व्हावी असे. तो मला परका वाटला नाही, याचे श्रेय मी पुणतांब्यात जन्मलेल्या चितळकरांना देतो. ‘अलबेला’ या १९५१ सालच्या चित्रपटात सी. रामचंद्रांनी ‘शोला जो भडके’ला बोंगो, क्लॅरिनेट, ट्रंपेट यांची जोड दिली, गोव्याचा चिक चॉकलेट त्यांचा साहाय्यक होता. अटलांटिकपलीकडचे ते ठेके आमच्या वडिलांच्या रेडिओतून साताऱ्याच्या माजघरात केव्हाच येऊन बसले होते.

पण खरे कारण निराळे आहे. येत्या मार्चअखेर मी निवृत्त होईन आणि सेक्टरमधले हे क्वार्टर सोडावे लागेल. इतकी वर्षे ‘आपण इथले नाही’ या एका वाक्यावर मी येथील उन्हाळे काढले. आता जाण्याची वेळ आली, तर मुलगी म्हणते, “बाबा, माझे गाव हेच.” तिचा जन्म येथला. मोहरी वाजली की ती ओळखते ती छत्तीसगढी वरात. सनई तिला पाहुणी वाटते. पाकितोने हवाना सोडले आणि पंधरा वर्षांनी दूर राहून सबंध क्यूबा वाजविला. मी तर सातारा सोडून भिलाईत बसलो, आणि साताऱ्याचेही काही वाजविले नाही, भिलाईचेही नाही.

रात्री कारखान्यात स्लॅग ओतले की खिडकीतले आभाळ तांबूस होते. परवा ते पाहत ऐकत बसलो असता सौभाग्यवती येऊन शेजारी बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “वाड्यातल्या आपल्या दोन खोल्यांचे काय करायचे, असे भाऊजी पुन्हा विचारीत आहेत. भाडेकरू ठेवू का, म्हणतात.”

मी त्यांना होकार कळविण्यास सांगितले. निदान एका वर्षापुरता.