मामांचा न्यूट्रल फंडा

हिवाळ्यातला वीकेण्ड, भिगवणचे फ्लेमिंगो आणि ताटात उजनीची चिलापी. प्लॅन एवढाच होता. पण पुढे इंदापूरला मामांकडे मुक्काम झाला आणि परतताना मामा शेजारच्या सीटवर. "पुण्यात काम आहे, सोड मला." तुमच्याही घरात असा एखादा मामा असेलच, ज्याला भाचीच्या पगारापेक्षा तिच्या गाडीच्या ॲव्हरेजची जास्त काळजी!

इंदापूर ते बारामती पन्नासेक किलोमीटर. आषाढीला जाताना तुकोबांची पालखी याच रस्त्याने उलट दिशेने येते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण. रस्ता आता मस्त रुंद झालाय, दोन्ही बाजूंना ऊस. निमगाव केतकी सोडल्यावर एक उतार लागला आणि मामा सावरून बसले. "न्यूट्रल कर. आता किल्ली फिरव. पेट्रोल शंभराच्या वर गेलंय पोरी, बंद गाडी फुकटात पळते."

मामांची पहिली गाडी कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. तिचं इंजिन चालू म्हणजे पेट्रोल जाणारच, त्यामुळे त्यांचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. मी ऐकलं. इंजिन गप्प झालं, उरला नुसता टायरचा आणि वाऱ्याचा आवाज. खरं सांगू? भारी वाटलं.

तेवढ्यात शेतातल्या वाटेवरून उसाचा ट्रॅक्टर रस्त्यावर आला. मागे दोन ट्रॉल्या. पहिला ब्रेक नीट लागला. दुसऱ्याला पेडल जड झालं आणि तिसऱ्याला दगड! स्टिअरिंगही हलेना. "चालू कर, चालू कर!" हे ओरडणारेही मामाच. किल्ली फिरवली, दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा उसाची वाढी बॉनेटवर टेकली होती.

बारामतीत चहा घेतला. दोघंही बराच वेळ गप्प. मग मी सुरू केलं. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम इंजिनमुळे तयार होतो. इंजिन बंद केलं की एक-दोन दाबांत तो संपतो. पॉवर स्टिअरिंगचंही तेच. किल्ली जरा जास्त मागे फिरवून काढली तर स्टिअरिंग लॉकच. नवले पुलाजवळ नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने गाड्यांची रांगच्या रांग चेपली, तेव्हाही डिझेल वाचवायला ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केल्याचं तपासात पुढे आलं होतं. मामांनी बशी खाली ठेवली. "तो ट्रक होता," एवढंच म्हणाले.

जेजुरी, सासवड मागे पडलं आणि दिवे घाट आला. खाली मस्तानी तलाव. मी दुसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत अशा वेळी कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो. चाकंच इंजिनला फिरवतात आणि इंजिन गाडीला आवरून धरतं. उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायलाही थोडं पेट्रोल जळत राहतं! मी मामांना डिस्प्ले दाखवला. लिटरला ९९.९.

मामा चष्मा लावून वाकले. दोन वळणं नुसते बघत राहिले.

"इंदापूरपर्यंत असा एखादा घाट का नाही बांधत हे लोक?"

वडकी येईपर्यंत त्यांनी डिस्प्लेवरची नजर काढली नाही.