सात मिलिमीटर

गेले दोन वीकेंड काहीच लिहिलं नाही. पहिला हॉस्पिटलच्या बाकड्यावर गेला, दुसरा घरी झोप भरून काढण्यात. आज जरा निवांत आहे, म्हणून लिहितोय.

बाबांचं मूत्राशय काढून दोन महिने झाले. कॅन्सर होता. या ऑपरेशनमध्ये लहान आतड्याचा साधारण १५-२० सेंटिमीटरचा तुकडा वेगळा करून मूत्रपिंडाकडून येणाऱ्या दोन्ही नळ्या त्याला जोडतात आणि त्याचं एक तोंड पोटावर बाहेर काढतात. तो स्टोमा. ब्रिकर नावाच्या अमेरिकन सर्जनने १९५० साली ही पद्धत मांडली, आणि ती अजून वापरात आहे. स्टोमाला झडप नसते. लघवी सतत येत राहते, म्हणून पोटावर कायम बॅग. ही बॅग एका चिकट चकतीने कातडीला धरून राहते, आणि त्या चकतीत स्टोमाच्या मापाचं भोक आपण कापायचं असतं.

डिस्चार्जच्या वेळी सिस्टरनी सगळं दाखवलं. मी मोबाईलवर व्हिडिओ घेतला. घरी येऊन एक्सेल शीट बनवली : पाणी किती, लघवी किती, बॅग कधी बदलली. स्टोमा ३३ मिमी, म्हणून ३५ मिमीचं भोक पाडून सगळ्या चकत्या एका बैठकीत कापून ठेवल्या. दर वेळी खटपट नको. टिपिकल आयटीवाला!

पहिला महिना बरा गेला. मग गळती सुरू झाली. रात्री दोनला आईची हाक यायची. चादर ओली, बाबा खुर्चीत भिंतीकडे बघत बसलेले. मी बॅग बदलायचो, "काही होत नाही हो बाबा" म्हणायचो. ते काहीच बोलायचे नाहीत. पट्टा आवळून बघितला, वरून चिकटपट्टी लावून बघितली. स्टोमाभोवतीची कातडी लाल झाली, मग सोलवटली. आणि अशा ओलसर कातडीवर चकती चिकटत नाही. म्हणजे आणखी गळती.

त्यातच एका शुक्रवारी संध्याकाळी बाबांना हुडहुडी भरून १०३ ताप. रिक्षा, कॅज्युअल्टी, सलाईन. इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलं होतं, क्रिएटिनिन वाढलेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पितात?" मी ऐटीत शीट दाखवली. रोज दोन लिटर. लघवीचा आकडा महिनाभरात निम्म्यावर आलाय, हे त्याच शीटमध्ये होतं. मी ते बघितलंच नव्हतं.

बाबा हळूच म्हणाले, "ते दोन लिटर खरं नाही. निम्मं मी कुंडीत ओततो."

"का पण?"

"पाणी कमी तर लघवी कमी, म्हणजे गळायचं कमी. तुला सकाळी ऑफिसचा कॉल असतो ना."

मी बाहेर जाऊन पाच मिनिटं जिन्यात उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्याच सिस्टर आल्या. स्टोमा मोजला : २८ मिमी. ऑपरेशननंतरची सूज सहा-आठ आठवड्यांत उतरते आणि स्टोमा आकसतो. म्हणून तोवर दर वेळी माप घ्यायचं, भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं ठेवायचं. आमच्याकडे फरक सात मिलिमीटरचा झाला होता. तेवढ्या उघड्या कातडीवर रात्रंदिवस लघवी. व्हिडिओत सिस्टर हे स्पष्ट सांगतायत, मी नंतर बघितलं. मीच आकडा हार्डकोड करून बसलो होतो.

मग त्यांनी विचारलं, "आजोबांना कधी कापू दिलंत का?"

नव्हतं दिलं. बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. मिलिमीटरवर आयुष्य गेलेल्या माणसाच्या हातात मी दोन महिने कात्री दिली नव्हती. आणि त्यांनी स्टोमाला एकदाही हात लावला नव्हता. दुखेल असं वाटायचं. त्याला स्पर्शाच्या वेदना होत नाहीत, हे त्यांना कोणी नीट सांगितलंच नव्हतं. बॅगेत पांढरे धागे दिसायचे, तो पू आहे असं समजून मनातल्या मनात घाबरायचे. तो आतड्याचा साधा चिकट स्राव. आतडंच ते, त्याचं काम करणारच.

आता दर तीन-चार दिवसांनी, सकाळी चहाच्या आधी (तेव्हा लघवी कमी येते) बाबा आरशासमोर उभे राहतात. माप घेतात, पेन्सिलने वर्तुळ काढतात, कापतात, भोकाची कड बोटाने गुळगुळीत करतात. मी फक्त गॉजची गुंडाळी पुढे करतो. माझी जुनी चकती बघून म्हणाले, "तुझं वर्तुळ गोल तरी आहे का रे?"

शीट बंद झाली. शंभर पानी वहीत त्यांच्या त्या तिरप्या, ठाशीव अक्षरात नोंदी असतात. कुंडीला आई वेगळं पाणी घालते.

बुधवारी रात्री परत एकदा गळलं. मला ते सकाळी कळलं, वहीत वाचून.