पिझ्झा, पार्टनर आणि पॉवर कट

सुरुवातीलाच कबूल करते, मी कॉन्व्हेंटची. ज्युनिअर केजीपासून दहावीपर्यंत अलोऱ्याहून चिपळूणला एसटीने ये-जा करून शिकले. त्यामुळे आजही 'एकोणसाठ' म्हटलं की मी मनात आधी फिफ्टी नाइन करते, मग मान डोलावते. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने पदरात घ्याव्यात ही विनंती.

तर विषय आहे पिझ्झा.

श्रावणात तीन दिवसांची जोडून सुट्टी आली. मेसच्या त्याच त्या पातळ डाळीला कंटाळलेले होते. रूममेटला म्हटलं, चल, आमच्या अलोऱ्याला. आमच्या मजल्यावर रूममेटला 'पार्टनर' म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणते. पार्टनर बीड जिल्ह्यातली, इलेक्ट्रिकलची, कमी बोलणारी. घरी चार म्हशी आणि कोरडवाहू शेती. ती लगेच तयार झाली, पण पिझ्झ्यासाठी नाही. तिला आमचं पॉवर हाउस बघायचं होतं!

ज्यांना अलोरे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चिपळूणहून कराडकडे निघालं की कुंभार्ली घाट लागायच्या आधी आमचं गाव येतं. कोयना प्रकल्पामुळे इथे मोठी कॉलनी झाली. माझे बाबाही प्रकल्पातलेच. कामं संपत गेली तशी कितीतरी क्वार्टर्स रिकामी झाली. ज्या अंगणात आम्ही लगोरी खेळलो तिथे आता गवत कमरेइतकं वाढलंय. कोयना धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पोफळीला उतरतं, तिथे वीज करतं. ते पाणी कोळकेवाडी धरणात अडवतात आणि अलोऱ्याला त्याच्यावर पुन्हा वीज करतात. ८० मेगावॅटचे चार संच, एकूण ३२० मेगावॅट. मग ते वाशिष्ठीतून समुद्राकडे जातं.

आत जायला परवानगी लागते, ती काही मिळाली नाही. पण बाबांनी लांबून सगळं दाखवलं. पार्टनर बराच वेळ त्या पाण्याकडे बघत उभी होती. मग म्हणाली, "एकाच पाण्यावर दोनदा वीज. आमच्याकडं टँकरचं पाणी आधी अंघोळीला, मग तेच भांड्याला, मग झाडाला. आमचं पण स्टेज थ्रीच आहे की!" बाबा हसले. मला हसावं की नाही ते कळेना.

संध्याकाळी मी तिला पिझ्झा खायला नेलं. होय, गावाकडे आता पिझ्झाही मिळतो! रस्त्याकडेला पत्र्याची शेड, चार टेबलं आणि आत एक इलेक्ट्रिक ओव्हन. मालक दादा मुंबईला एका हॉटेलच्या किचनमध्ये होते. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये गावी आले ते परत गेलेच नाहीत. भिंतीवर मेनू खडूने लिहिलेला. पनीर पिझ्झा १४० रुपये.

इथे माझ्यातली कॉन्व्हेंट टीचर जागी झाली. पार्टनरने जन्मात पिझ्झा खाल्ला नसणार असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यामुळे ऑर्डर दिल्यापासून माझं लेक्चर सुरू. पिझ्झा इटलीतल्या नेपल्सचा. टोमॅटो मूळचा अमेरिकेतला, सोळाव्या शतकात युरोपात आला. १८८९ साली मार्गेरिटा राणीसाठी टोमॅटो, चीज आणि तुळशीच्या जातीची हिरवी पानं घालून पिझ्झा केला, म्हणून तो 'मार्गेरिटा', अशी गोष्ट सांगतात. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांची कला २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. भारतात त्या मोठ्या परदेशी कंपन्या आल्या १९९६ मध्ये. आणि मोझरेला चीज तिकडे मूळचं म्हशीच्या दुधाचं!

"म्हशीच्या?" एवढ्यावरच तिचे डोळे चमकले. बाकी सगळं तिने मुकाट्याने ऐकून घेतलं. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या, हेही मी शिकवलं. तिने शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान हलवली.

आणि लाइट गेली.

बाहेर धो धो पाऊस. ओव्हनचा लाल दिवा विझला. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, "घ्या! कोयनेच्या दाराशी अंधार." पार्टनर अंधारातूनच म्हणाली, "काका, वीज तयार होते ती थेट तुमच्या घरात येत नाही. ती मोठ्या लाइनने लांब जाते, सबस्टेशनला दाब कमी होतो, मग ती गावात येते. इथल्या लाइनवर झाडाची फांदी पडली असणार, ट्रिप झालं असंल." काका गप्प.

आतून दादांचा आवाज आला, "ताई, पिझ्झे अर्धेच झालेत हो. थांबता का?"

पार्टनर ताडकन उठली. दोन पावलं आत गेली, थांबली आणि परत येऊन खुर्चीवर बसली. तिथूनच म्हणाली, "दादा, जाड तवा गॅसवर ठेवा. आच बारीक करा. पिझ्झा तव्यावर घ्या, कडेला चार थेंब पाणी सोडा आणि लगेच झाकण घाला. वाफेनं चीज वितळतं. खालून करपायच्या आत काढा."

मी बघतच राहिले. "तुला काय माहीत गं हे?"

"काय बघायलीस?" ती म्हणाली. "उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यात होते ना, तिथं हेच केलं दोन महिने."

तिने तर आम्हाला इंटर्नशिप सांगितली होती! खरं म्हणजे ती एका पिझ्झ्याच्या दुकानात किचनला होती. पीठ लाटायचं, सॉस लावायचा, ओव्हनला घालायचं, रात्री टेबलं पुसायची. त्या वर्षी सोयाबीन हाती लागलं नव्हतं आणि मेसचं बिल थकलं होतं. घरी सांगितलं असतं तर वडलांनी म्हैस विकली असती.

"मग मला का नाही सांगितलंस?"

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फर्स्ट इयरला आपण रत्नागिरीला गेलो होतो, आठवतंय? आपल्याच कॉलेजचा एक सीनियर हॉटेलात ऑर्डर घेत होता. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, इंजिनिअरिंग करून शेवटी हेच करायचं का? सगळे हसले. मी पण हसले."

मला ते वाक्य आठवतही नव्हतं. तिला मात्र ते दोन महिने रोज रात्री टेबलं पुसताना आठवलं असणार. अंधार होता हे बरं झालं, माझा चेहरा तिला दिसला नाही.

"शेकडो पिझ्झे भाजले गं," ती म्हणाली, "पण गिऱ्हाईक म्हणून खुर्चीत बसून एकही खाल्ला नाही. म्हणून मघाशी उठले आणि परत बसले. आज मी आत जाणार नाही."

मी उठले. मोबाइलचा टॉर्च लावला आणि आत जाऊन दादांच्या तव्यावर धरून उभी राहिले. पार्टनर बाहेरून विचारायची, "वास आला का? कडा सुटल्या का?" आणि मी जाऊन बघून सांगायची. माझ्या हाताला चटकाही बसला. दोन्ही ताटल्या मीच बाहेर आणून तिच्यापुढे ठेवल्या. "मॅडम, आणखी काही?" असं विचारलं. ती खळखळून हसली.

काटा-सुरी कोणी हातात घेतली नाही. पिझ्झा खालून थोडा करपलाच होता, पण खरं सांगते, तसा मी अजून कुठे खाल्लेला नाही. बिल झालं २८०. मी पर्स काढली तर तिने माझा हात धरला. "गिऱ्हाईक मी आहे ना?" तिने पैसे दिले आणि वर वीस रुपये दादांना ठेवले. दादा नको नको म्हणाले. "राहू द्या दादा," ती म्हणाली, "मला माहितीय ते कसं वाटतं."

आम्ही भिजत घरी आलो तरी लाइट आली नव्हती. आईने कंदील लावला होता.

हॉस्टेलला परतल्यावर मी त्या सीनियरला शोधलं. तो पास होऊन गेलेला. माफी मागायची होती ती राहूनच गेली. म्हणून इथे लिहिते. अंक त्याच्या हातात पडलाच तर त्याने समजून घ्यावं. आणि हो, हे सगळं पार्टनरला वाचून दाखवूनच छापायला दिलंय. तिने एकच दुरुस्ती सुचवली : "म्हशी चार नाहीत, पाच. रेडकू धर की!"

ता. क. : आता आमच्या खोलीतही कधीमधी तव्यावर पिझ्झा होतो. (रेक्टर मॅडम, हे वाक्य कृपया वाचू नये.)